गोदाखोऱ्यातील लोहमार्ग आणि कंधारचा किल्ला

मनमाड ते हैदराबाद हा ३९१ मैलांचा मीटरमापी लोहमार्ग १८९९ ते १९०१ या काळात टप्प्याटप्प्याने खुला झाला. त्यास ‘हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे’ असे नाव देण्यात आले. या नावातील ‘व्हॅली’ या शब्दाचा मराठी पर्याय दोन प्रकारांनी देता येतो. ‘दरी’ म्हटले म्हणजे दोहों बाजूंना डोंगर आणि मध्ये नदी असे चित्र उभे राहते. ‘खोरे’ म्हटले म्हणजे एका नदीस पाणी पोहोचविणारा सारा मुलूख अभिप्रेत असतो. पहिला अर्थ मनाशी धरून जो प्रवासी या गाडीत बसेल त्याची निराशा व्हावयाची. ही गाडी मनमाडहून निघून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी अशी नदीच्या उत्तरेकडील प्रदेशातून जाते. पैठण दक्षिणेस दूर राहते. नांदेडला गाव नदीकाठी असल्याने गोदावरी जवळ येते खरी, परंतु लोहमार्ग तिला ओलांडतो तो थेट बासरजवळ. खोरे या अर्थाने मात्र हे नाव अगदी यथार्थ आहे.

जर्मनीतील ऱ्हाइन नदीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. कोब्लेंझ ते बिंगेन या पट्ट्यात नदीने डोंगर कापून अरुंद वाट काढली आहे. तेथील गढ्यांपैकी अनेकांचा निर्वाह नदीतून जाणाऱ्या नौकांवरील जकातीवर चाले. म्हणून त्या पाण्यावर नजर ठेवून कड्यांवर बसल्या. १८५९ मध्ये डाव्या तीरावरील लोहमार्ग पूर्ण झाला तोही त्याच चिंचोळ्या वाटेने. त्यामुळे नदी, गढी आणि गाडी ही तिन्ही एका दृष्टिक्षेपात येतात. मराठवाड्यातील गोदावरी उन्हाळ्यात रोडावणारी नदी. येथील व्यापार बैलांच्या पाठीवरून आणि गाडीवाटांनी चाले, आणि किल्ल्यांनी राखावयाचे ते घाट, राजमार्ग व तलाव. म्हणून येथील किल्ले नदीकडे पाठ फिरवून बसलेले दिसतात.

लोहमार्ग घालणाऱ्यांनी किल्ल्यांचा विचार केला नाही, आणि करावयाचे कारणही नव्हते. कापूस, धान्य आणि सैन्य यांची वाहतूक हा त्यांचा विषय. तरीही दोन किल्ले आपसूक वाटेवर आले. मनमाड सुटताच अणकाई-टणकाईची जोडी दिसते, आणि पुढे औरंगाबादच्या अलीकडे दौलताबाद स्थानकाजवळ डाव्या हाताला देवगिरीचा तासलेला कडा उभा राहतो. नांदेडचा नंदगिरी मात्र नदीकाठी वस्तीत मिसळून गेला आहे. तो मुद्दाम उतरून शोधावा लागतो.

ज्या किल्ल्याचे नाव एके काळी राजबिरुदात गेले तो कंधारचा किल्ला या मार्गावर नाही. नांदेडहून दक्षिणेस लोहा, आणि तेथून कंधार, असा सुमारे पन्नास किलोमीटरांचा रस्ता आहे. राष्ट्रकूटांचे ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ हे बिरुद प्रसिद्ध आहे. ते लट्टलूर म्हणजे लातूर असे सामान्यतः मानले जाते. त्याच घडणीचे ‘कंधारपुरवराधीश्वर’ हे बिरुद तिसऱ्या कृष्णाशी निगडित आहे. ‘कृष्ण’ या नावाची ‘कन्हर’, ‘कंधर’ अशी रूपे मध्ययुगात रूढ होती, आणि कंधारपुर हे नाव त्यांच्याशी जोडले जाते. तेव्हा अफगाणिस्तानातील कंदहाराशी या गावाचा संबंध लावण्याचे प्रयोजन उरत नाही. गोंधळ टाळण्यासाठी दोन कंधारांत भेद करण्याची वेळ आली ती मोगल बखरकारांवर, कारण १६३१ मध्ये नासिरीखानाने वेढा घालून दक्षिणेतील हा किल्ला शाहजहानसाठी जिंकला. किल्ला भुईकोट आहे, खंदकाने वेढलेला. गावाजवळील तलावाचे ‘जगत्तुंगसमुद्र’ हे नाव राष्ट्रकूटकालीन शिलालेखात आलेले आहे. भुईकोटाचे बळ उंचीत नसून पाण्यात असते, हे येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसेल.

कंधार गोदाखोऱ्याबाहेर आहे म्हणून लोहमार्गाने त्यास वगळले, असे कोणी म्हणेल तर ते बरोबर नाही. मन्याड नदी कंधारवरून वाहत जाऊन मांजरेस मिळते, मांजरा कंदकुर्तीजवळ गोदावरीस मिळते, आणि त्याच्या खाली बासरचा रेल्वेपूल आहे. म्हणजे गाडी ज्या पाण्यावरून जाते त्यात कंधारचे पाणी असतेच.

लोहमार्गाने नांदेडला बाजारपेठ आणि कापडाची गिरणी दिली; कंधार-लोहा परिसर बैलगाडीच्या व पुढे मोटारीच्या रस्त्यावरच राहिला. १९९० च्या दशकात मनमाड-नांदेड मार्ग रुंदमापी झाला, तरी हा भाग तसाच कोरडा आहे. नांदेडहून लातूरला रेल्वेने जावयाचे तर आजही पूर्णा, परभणी, परळी असा मोठा वळसा पडतो. सरळ रस्ता लोह्यावरून जातो. म्हणून गोदाखोऱ्यातील किल्ले पाहण्याच्या प्रवासाची आखणी अर्धी गाडीने आणि अर्धी एस. टी. ने करावी लागते: मनमाडहून सकाळची गाडी, नांदेडला मुक्काम, दुसऱ्या दिवशी लोह्यावरून कंधार. पावसाळा सरल्यावर जाणे उत्तम, कारण तेव्हा खंदकात पाणी असते. मार्गशीर्षाच्या अखेरीस गेल्यास माळेगावी खंडोबाची जत्रा भरलेली असते. तेव्हा घोडे, उंट आणि बैल यांच्या गर्दीतून एस. टी. ला वाट काढावी लागते, आणि वेळापत्रकाचा भरवसा धरता येत नाही.