तोफा थांबल्यावर उरलेली माती

युद्धांचे इतिहास बहुधा तहाच्या कलमांपाशी येऊन थांबतात. ज्या मातीवर दारूगोळा फुटला, तिचे पुढे काय झाले हे ते सहसा सांगत नाहीत. आज आम्ही त्या मातीविषयीच बोलणार आहोत.

टीएनटी हा पदार्थ १८६३ साली जर्मनीत युलिउस विल्ब्रांटने प्रथम तयार केला. तेव्हा तो पिवळा रंग म्हणून उपयोगी मानला गेला. आरडीएक्सचे पहिले पेटंट त्याच शतकाच्या अखेरीस निघाले, तेही औषधाच्या दृष्टीने! दुसऱ्या महायुद्धात हे दोन्ही पदार्थ एकाच तोफगोळ्याच्या पोटात एकत्र आले.

गोळा पुरता फुटला तर स्फोटक जवळजवळ उरत नाही. अर्धवट फुटला तर त्याचे खडे मातीत विखुरतात आणि वर्षानुवर्षे पावसात विरघळत राहतात. टीएनटी मातीला बराचसा चिकटून बसतो. आरडीएक्सला माती धरून ठेवीत नाही, तो भूजलापर्यंत उतरतो. अमेरिकेतील केप कॉड येथे लष्करी सरावाच्या मैदानाखालीच लोकांच्या पिण्याच्या पाण्याचा साठा आहे. त्याला धोका दिसताच १९९७ मध्ये सरकारच्या पर्यावरण संरक्षण खात्याने तेथील तोफांचा सराव थांबविला. कोणत्याही शत्रूने न थांबविलेल्या तोफा पाण्याने थांबविल्या!

दूषित माती खणून भट्टीत भाजणे फार खर्चाचे. म्हणून या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिण कॅरोलिनातील फोर्ट जॅक्सन येथे, हातबॉम्ब फेकण्याच्या मैदानात, एक साधा उपाय करून पाहण्यात आला: मातीत विरी गेलेला चुना मिसळणे. मातीचा सामू साडेदहाच्या वर गेला की विरघळलेल्या आरडीएक्सचे रेणू फुटतात, आणि नायट्राइट, फॉर्मेट असे लहान पदार्थ उरतात. टीएनटीचेही विघटन होते.

पण चुना म्हणजे जादू नव्हे. न विरघळलेल्या खड्याच्या आत तो शिरत नाही. आम्ल मातीला तो अधिक लागतो, आणि सामू उतरला की पुन्हा घालावा लागतो. शिवाय इतक्या क्षारी मातीत पीक तगत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, जे विष आधीच पाण्यात उतरले, त्याला वर पसरलेला चुना गाठू शकत नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की तोफेचा खर्च मांडताना चुन्याचाही खर्च त्याच दिवशी मांडावा. मातीचे देणे तहाच्या सह्यांनी फिटत नाही, आणि उशीर झाला की ते विहिरीतून वसूल होते.