धरणाआधीची रतनवाडी

१९०९ सालचा मे सरत आला आहे. तुम्ही भंडारदऱ्याहून रतनवाडीला पायी निघाला आहात आणि वाटेत तळं कुठेच नाही. आज जिथे होड्या फिरतात, तिथे खाली दगडगोट्यांतून तुम्ही चालताय. शेजारी प्रवरा, उन्हाने आटून डोहाडोहांपुरती उरलेली. समोर रतनगड, माथ्यावरच्या नेढ्यातून आरपार आभाळ दिसतं.

वाडीत शिरताच जळक्या पाल्याचा वास येतो. भाताच्या रोपांसाठी राब भाजून झालाय. आता सगळे पावसाच्या वाटेकडे डोळे लावून आहेत. महादेव कोळ्यांची घरं कारवीच्या कुडाची, शेणाने सारवलेली. अंगणात बाळहिरडा वाळतोय. एक आजी तांब्या पुढे करते. "बस बाबा, पाणी पी. लांबून आलास." कुठून, ते ती विचारत नाही. बरंच आहे, सांगणार तरी काय?

अमृतेश्वराच्या देवळाशी थांबा, घाई करू नका. शिलाहारकाळातला तो काळा दगड पायथ्यापासून शिखरापर्यंत कोरलाय. हात लावून बघा, दिवसभराचं ऊन अजून त्यात आहे.

मग अंधार पडतो. वाडीत चुलींच्या उजेडापलीकडे उजेडच नाही. आधी एका सादड्यावर दोन-चार ठिणग्या, मग शेजारच्या हिरड्यावर, बेहड्यावर. बघता बघता अख्खं झाड एका तालात उजळतं, विझतं. नर काजवे माद्यांना बोलावताहेत. पंख फुटल्यावर त्यांच्या हाती जेमतेम काही आठवडे असतात आणि या खुणेला अंधार लागतो.

पुढच्याच वर्षी धरणाचं काम सुरू होईल. १९२६ साली ८२ मीटर उंचीची भिंत पुरी होईल आणि तुम्ही आलात ती वाट पाण्याखाली जाईल. त्या पाण्यावर खाली प्रवराकाठी ऊस उभा राहिला, गावं सुधारली. ते मोठंच काम झालं. पण उसाच्या त्या गोडव्यात या खोऱ्याचाही वाटा आहे, हे फार कमी वेळा बोललं जातं.

आता परत या. आजही मेअखेरीस इथे काजवे चमकतात, मात्र शनिवार-रविवारी गाड्यांच्या रांगा लागतात आणि दिव्यांच्या झोतात झाडं पांढरीफटक पडतात. काजव्यांच्या अळ्या इथल्याच ओल्या मातीत, गोगलगाई खाऊन वाढतात. ती माती आपण तुडवतो. म्हणून जाल तेव्हा गाडी लांब उभी करा, दिवे आणि मोबाइल बंद ठेवा, पायवाट सोडू नका. जेवायला वाडीतल्याच एखाद्या घरी सांगून ठेवा.