शेण, सरपण आणि शेतकरी

शेणाच्या गोवऱ्या करून जाळणारा शेतकरी अडाणी, असे आपण शहरातली माणसे सहज बोलून जातो. कामगार चळवळीत मी एक धडा शिकलो : कष्टकऱ्याला अडाणी म्हणण्याआधी त्याचा जमाखर्च पाहावा.

तो जमाखर्च डॉ. व्होल्कर या इंग्लंडच्या रॉयल कृषी सोसायटीच्या सल्लागार रसायनशास्त्रज्ञाने पाहिला. १८८९ साली तो हिंदुस्थानात आला आणि मुलूखभर हिंडला. १८९३ च्या अहवालात त्याने सांगितले की, शेणखताचे मोल शेतकऱ्याला कळते. सरपण मिळत नाही म्हणून तो शेण जाळतो. त्यावर सरपणाची व चाऱ्याची राने राखा, हा त्याचा उपाय होता.

सरपण का मिळेना? १८७८ च्या जंगल कायद्याने राने राखीव करण्याचा अधिकार सरकारने घेतला. गुरांची चराई बंद झाल्याचे गाऱ्हाणे जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये मांडले. रान तुटले, चारा आटला, शेण घटले. उरले ते चुलीत गेले. नत्र धुरात गेले, शेताला राख मिळाली.

स्वातंत्र्यानंतर गोबरगॅस आला. गॅस चुलीला, रबडी शेताला. पण त्याला दावणीला चार-पाच जनावरे लागतात, बांधकामाला पैसा लागतो. मालक शेण जपू लागला, तर वाटेवरचे शेण वेचून गोवऱ्या थापणाऱ्या भूमिहीन बाईने चूल कशावर पेटवायची? शेणाच्या हिशेबात तिचेही नाव मांडायला हवे.