वणवा आणि श्रमदान-पर्यटन (वाशिम जिल्हा)
वणव्याने होरपळलेले निसर्गपर्यटनाचे क्षेत्र सावरण्यासाठी पर्यटकांनी केलेले श्रमदान. वाशिम जिल्ह्यात काळविटांसाठी राखलेले कारंजा-सोहोळ अभयारण्य (१८.३२ चौ. किमी.) असून काटेपूर्णा अभयारण्य (स्थापना १९८८) अकोला व वाशिम जिल्ह्यांत पसरले आहे. उन्हाळ्यात पानझडी जंगलात पाचोळा साचतो, कुरणे वाळतात. विडीचे पेटते थोटूकही वणव्याला पुरते. त्यामुळे वन विभाग आधीच जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) काढतो. गवत जळाले तरी मुळे शाबूत असल्यास पावसाळ्यात फुटवे येतात. म्हणून सरसकट झाडे लावण्याऐवजी जळीत कुरणात चराई थांबवणे, पाणवठ्यांतील राख-गाळ काढणे ही कामे अधिक मोलाची. राज्यातील अभयारण्यांत बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावरून होणाऱ्या वन्यप्राणी-गणनेला स्वयंसेवक येतात. त्यांच्या उत्साहाला अशा श्रमदानाची जोड द्यावी. अभयारण्यातील कोणत्याही कामाआधी वन विभागाची परवानगी घ्यावी.