लीच, जिम
(१५ ऑक्टोबर १९४२ – ११ डिसेंबर २०२४). अमेरिकेच्या रिपब्लिकन पक्षातील मवाळ लोकप्रतिनिधी. जन्म आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे. वॉटरगेट प्रकरणाचे विशेष अभियोक्ता कॉक्स यांना १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हटवले, तेव्हा लीच यांनी निषेधार्थ परराष्ट्र सेवेतील आपली नोकरी सोडली. १९७७ ते २००७ या काळात ते प्रतिनिधिगृहाचे सदस्य होते. बँकिंग समितीचे अध्यक्ष असताना त्यांनी घडवलेल्या १९९९ च्या ग्रॅम-लीच-ब्लायली कायद्याने बँका, विमा व रोखे व्यवसाय एकत्र येण्याची वाट मोकळी केली. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर त्यावर सडकून टीका झाली. इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या सहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी ते एक; तरीही २००६ च्या निवडणुकीतील युद्धविरोधी लाटेत तेच पडले, हा दैवदुर्विलास. २००८ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार ओबामांना पाठिंबा दिला व २०२२ मध्ये पक्षच सोडला.