अलाभ परीषह आणि धवलाच्या प्रतींची कथा

तत्त्वार्थसूत्राच्या ९ व्या अध्यायात दशधर्मांची गणना आहे आणि तीत अग्रस्थान क्षमेला आहे. त्याच अध्यायात साधूने समभावाने सोसावयाचे २२ परीषह सांगितले आहेत. क्षुधा, तृषा, शीत, उष्ण यांच्या मालिकेत ‘अलाभ’ नावाचाही एक परीषह आहे. भिक्षेस जावे, रिक्त हस्ते परतावे आणि तरीही चित्त ढळू देऊ नये, असा त्याचा अर्थ. आम्हां कापडाच्या व्यापाऱ्यांना हा अर्थ उमजण्यास फार विद्वत्ता लागत नाही. तासभर ठाणांमागून ठाणे उलगडून दाखवावीत आणि गिऱ्हाइकाने ‘पुन्हा येतो’ म्हणून पायऱ्या उतराव्यात, हा आमचा नित्याचा अलाभ. परंतु गृहस्थांनी हाच गुण एका धर्मकार्यात वर्षानुवर्षे कसा टिकविला, याचे उदाहरण महाराष्ट्राच्या जैन इतिहासात आहे. ओवे-पनवेल परिसरातील आपल्या तरुण पिढीस ते ठाऊक असावे, म्हणून येथे मांडतो.

आचार्य धरसेनांनी गिरनारच्या चंद्रगुंफेत पुष्पदंत व भूतबली या मुनिद्वयास जे श्रुत दिले, त्यातून षट्खंडागम सिद्ध झाला. राष्ट्रकूट काळात आचार्य वीरसेनांनी त्यावर ‘धवला’ ही ७२ हजार श्लोकप्रमाण टीका रचली. या ग्रंथांची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्रीच्या बसदीत शतकानुशतके जपली गेली. लिपी जुनी कानडी. यात्रेकरू भक्तीने दर्शन घेत आणि ग्रंथ पुन्हा बंद होत. वाचणारा विरळाच.

इ. स. १८८३ मध्ये मुंबईचे जवाहीर शेठ माणिकचंद हिराचंद संघासह तेथे गेले. मुंबईत सी. पी. टँकजवळ हिराबाग धर्मशाळा आहे, ती यांनीच पुढे बांधविली. ताडपत्रांची जीर्णावस्था पाहून ते अस्वस्थ झाले व त्यांनी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांस कळविले. हे ‘जैन बोधक’चे संस्थापक आणि उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे वडील. हिराचंदजी श्रवणबेळगोळच्या ब्रह्मसूरी शास्त्रींना घेऊन मूडबिद्रीस गेले. प्रतिलिपी करावी असे ठरले. पण प्रत्यक्षात वर्षांमागून वर्षे काही घडले नाही. अखेर वर्गणी उभी राहून १८९६ मध्ये लेखणी कागदाला लागली, तेव्हा पहिल्या दर्शनास १३ वर्षे लोटली होती. त्यातही अट अशी की प्रत मूडबिद्रीबाहेर नेता येणार नाही. ज्यांनी द्रव्य दिले, त्यांच्या हाती काहीच यावयाचे नव्हते!

थोडे काम होते न होते तोच ब्रह्मसूरी शास्त्री निवर्तले. मिरजेच्या गजपती शास्त्रींनी धवला व जयधवला यांच्या नागरी प्रतीचे काम एकट्याने पुढे चालविले. महाबंधाची प्रत पूर्ण होऊन सर्व काम संपले ते १९२२ मध्ये, म्हणजे २६ वर्षांनी. शेठ माणिकचंद १९१४ मध्येच दिवंगत झाले होते.

एक गोष्ट मात्र झाकून ठेवणे योग्य नव्हे. गजपती शास्त्रींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या साहाय्याने घरी गुपचूप एक कानडी प्रत उतरविली होती. ती सहारनपूरच्या लाला जंबूप्रसाद यांच्याकडे गेली. तेथे तिची नागरी प्रत करणाऱ्या सीताराम शास्त्रींनीही स्वतःसाठी एक प्रत राखली आणि तिच्यावरून अमरावती, कारंजा, आरा येथे प्रती पोहोचल्या. संयमाच्या या कथेतील हा अधीर भाग. शब्द मोडला हे खरे, आणि त्या मोडलेल्या शब्दामुळेच ग्रंथ आपल्यापर्यंत लवकर आला हेही खरे. व्यापारी म्हणून मला पहिली बाजू जड वाटते. वाचक म्हणून मी दुसरीचा ऋणी आहे.

याच प्रतींच्या आधारे अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी संपादन हाती घेतले. विदिशेचे शेठ लक्ष्मीचंद शिताबराय यांचे दान मिळाले होते, कोल्हापूरहून डॉ. आ. ने. उपाध्ये यांचे साहाय्य होते. पहिला भाग १९३९ मध्ये निघाला, सोळावा व अखेरचा १९५८ मध्ये. मधल्या काळात महायुद्ध झाले, देश स्वतंत्र झाला. भाग निघत राहिले.

नकलेची नक्कल झालेल्या या प्रतींत चुका पुष्कळ होत्या. पहिल्या भागातील ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द गळला असावा, असे संपादकांना अर्थावरून जाणवले. त्यांनी तो मूळ सूत्रात घुसडला नाही. तळटीपेत तसे नमूद केले. त्यावरून समाजात मोठा वाद झाला. पुढे मूडबिद्रीकरांनी मूळ ताडपत्रांशी ताळा करण्यास सहकार्य दिले. तेथे ९३ व्या सूत्रात तो शब्द होता.