एक कंपनी, दोन मुख्यालये

युनिलिव्हरला दीर्घकाळ एक नव्हे, दोन पालक कंपन्या होत्या. 1929 साली ब्रिटनचे साबणवाले लिव्हर ब्रदर्स आणि नेदरलँड्सची मार्गारिन युनी एकत्र आल्या, पण एकीत दुसरी विरून गेली नाही. लंडन आणि रॉटरडॅम इथे दोन स्वतंत्र कंपन्या राहिल्या. भागधारक वेगळे, संचालक मंडळावरची माणसे मात्र तीच. आणि दोन्हीकडचा लाभांश समान राहावा असा करार. जवळपास नव्वद वर्षे हा दुहेरी संसार टिकला, हे खरोखर थक्क करणारे आहे.

2018 मध्ये मुख्यालय एकट्या रॉटरडॅमला नेण्याचा बेत व्यवस्थापनाने जाहीर केला. लंडनच्या ‘एफटीएसई 100’ निर्देशांकातून नाव गळणार, म्हणून ब्रिटिश गुंतवणूकदार संस्था बिथरल्या आणि ऑक्टोबरात बेत मागे घ्यावा लागला. संचालकांना भागधारकांनी असे माघारी वळवणे विरळाच!

नोव्हेंबर 2020 मध्ये दोन्ही कंपन्या लंडनच्या कंपनीत एक झाल्या.

मुंबईच्या हिंदुस्थान युनिलिव्हरमध्ये याच समूहाचा सुमारे 62 टक्के हिस्सा आहे. उरलेले भागधारक अल्पमतात असतात.